खिंडीतला दिवाळसण

सुरतेतल्या प्लेगच्या पुढच्या वर्षी कुंदननं दोन गोष्टी केल्या. वैशाखात लग्न केलं, आणि भाद्रपदात जाहीर केलं की पहिल्या दिवाळीला आपण सासऱ्याकडे जेवायला जाणार नाही, हिमालयात जाणार आहोत. पहिल्या गोष्टीबद्दल नवागामातल्या खान्देशी वस्तीत कोणाला फारसं काही वाटलं नव्हतं.

कुंदन सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटात साड्या दाखवायच्या कामाला होता. दिवसभर गादीवर बसायचं, व्यापाऱ्यापुढे जॉर्जेटच्या साड्या फेकायच्या आणि तो काही न घेता उठला की हसत हसत पुन्हा घड्या घालायच्या. आयुष्यात तो चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे लिफ्ट बंद असताना मार्केटचा चौथा मजला. पण मार्केटातल्या गुजराती पोरांचं एक मंडळ होतं. ते दर दिवाळीच्या सुट्टीत मनालीच्या वर कुठंतरी डोंगर चढायला जायचं आणि परत आल्यावर पुढच्या दिवाळीपर्यंत त्याबद्दल बोलायचं. हे ऐकून ऐकून कुंदनच्या डोक्यात एक खूळ बसलं होतं: एकदा खिंड ओलांडायची. शिखरबिखर नाही. खिंडच. अलीकडून चढायचं आणि पलीकडे उतरायचं. नवागामातला खान्देशी माणूस दर सुट्टीत गावाला जातो आणि गेला त्याच रस्त्यानं परत येतो. पलीकडे उतरलेला अजून कोणी नव्हता.

यंदा मंडळाचे म्होरके प्रफुल्लभाई त्याला न्यायला तयार झाले. बायको रंजनानं एकच प्रश्न विचारला.

"तिथं भांडी कोण घासतं?"

"मंडळाची माणसं असतात."

"मग मी येते."

राहिले सासरे.

सासरे म्हणजे दगा मास्तर. उधन्याच्या एका पॉवरलूमच्या कारखान्यात ते मास्तर होते, म्हणजे माग बिघडला की पाना घेऊन त्याच्याखाली शिरणारे. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांच्या आवाजाला एकच माप उरलं होतं. जेवताना ते "मीठ" म्हणाले की मागच्या गल्लीतून कोणीतरी मीठ घेऊन यायचं. घरात अहिराणी, मालकाशी गुजराती, बिघडलेल्या मागाशी हिंदी आणि जावयाशी पुस्तकातली मराठी, अशी त्यांनी भाषांची रीतसर वाटणी केली होती. त्यातली हिंदी इथं देता येण्यासारखी नाही.

मास्तरांचं दुखणं असं होतं की त्यांचा जावई रुसत नव्हता.

जावयानं रुसायचं असतं. लग्नात रुसायचं, नाहीतर निदान पहिल्या दिवाळीला, दिवाळसणाच्या पाटावर बसून तरी रुसायचं. ताटावरून हात मागे घ्यायचा आणि भिंतीकडे बघायचं. सासऱ्यानं "आमचं काय चुकलं?" म्हणून विचारायचं, जावयानं "काही नाही" म्हणायचं. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की अंगठी, घड्याळ, जे काय असेल ते बाहेर येतं, जावई हसतो आणि सगळ्यांना जेवायला मिळतं. पण कुंदन पडला सुधारलेला. लग्नात त्याला रुसायला बसवला तर "मला काही नको" म्हणून त्यानं ताटातली बुंदी संपवली आणि वर आणखी मागितली.

त्यावर मास्तरांचे चुलतभाऊ भिकन चारचौघांत म्हणाले होते, "रुसीन काय करी बिचारा? पोऱ्याले माहीत शे, आठे काय भेटी!" म्हणजे इथं मिळणार तरी काय!

स्वतः भिकनभाऊंचा जावई दोन वेळा उपाशी राहून मिक्सर घेऊन उठला होता. तेव्हापासून भिकनभाऊंच्या घरी चटणी वाटायचा दगडी पाटा होता, पण मान ताठ होती. मास्तरांनी सगळी आशा दिवाळीवर ठेवली होती, आणि आता जावई म्हणत होता हिमालय.

"मामा, पुढच्या दिवाळीला नक्की येतो," कुंदन म्हणाला.

"पहिली दिवाळी पुढच्या वर्षी कशी येईल, कुंदनराव?" मास्तर हळूच म्हणाले. समोरच्या घरातल्या बाईनं आपला रेडिओ बंद केला.

"मग मी काय करू?"

"तुम्ही काहीच करू नका. आम्ही येतो."

"कुठं?"

"तुमच्या मागं."

सासूबाईंना, म्हणजे सुंदराबाईंनाही यायचं होतं, पण त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. त्यांनी फराळाचा डबा भरायला घेतला.

सुरतेत डोंगर नाही. सरावासाठी सर्वांत जवळचा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. महिनाभर रोज संध्याकाळी कुंदन पाठीवर पिशवी बांधून त्या पुलावरून जायचा आणि यायचा. त्याच्या मागून पोतंभर गहू पाठीवर घेतलेले मास्तर. रिक्षावाले थांबून विचारायचे, "काका, बेसी जाओ ने, पैसा नथी लेवाना." मास्तर गर्जायचे, "सराव चालू आहे!" चौथ्या दिवशी चक्कीवाला येऊन विचारून गेला, गहू दळायचे आहेत की नुसते फिरवायचे आहेत.

निघायच्या दिवशी स्टेशनावर मास्तर आले ते पाठीवर पाट बांधून. साधासुधा नाही, चांगला शिसवी, पितळी फुल्या ठोकलेला, लग्नातला.

"आ शुं छे?" प्रफुल्लभाईंनी विचारलं.

"पाट," रंजना म्हणाली.

"पाट शेना माटे?"

"जमाईने बेसाडवा माटे."

प्रफुल्लभाईंनी आजवर डोंगरावर दोर, तंबू, स्टोव्ह आणि एकदा एक हार्मोनियम नेलेली होती. त्यांनी पाटाकडे बघितलं, कुंदनकडे बघितलं आणि यादीत काहीच न लिहिता पुढं गेले.

सुरतेत ऑक्टोबर म्हणजे घामोळं. इथं वर, मनाली मागे पडल्यावर, ऑक्टोबर म्हणजे भलतंच काहीतरी होतं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. गवत तांबूस, ओढे सडपातळ, सकाळी त्यांच्या काठाला काचेसारखा पापुद्रा. आणि भूर्जाची झाडं अशी पिवळीजर्द की मिलमधून नुकती रंगवून आणलेली वाटावीत. मास्तरांनी एक पान तोडलं, त्याला थुंकी लावली, धोतराच्या सोग्यावर घासलं आणि बघितलं.

"पक्का आहे," ते म्हणाले. "जाणार नाही." दरीतून दोन कावळे उडाले.

कुंदन खूश होता. मास्तरही खूश होते, फक्त खडखडाट नसल्यामुळे झोप लागत नाही अशी त्यांची तक्रार होती. रंजना सगळ्यांच्या पुढं चालायची आणि वळणावर बसून दोघांची वाट बघायची. पण प्रत्येक मुक्कामावर कुंदन डोंगराकडे तोंड करून उभा राहिला की मागून डबा उघडल्याचा आवाज यायचा. "कुंदनराव, अनारसा." सूर्य उगवायचा, "कुंदनराव, शेव." एकदा त्याच्या आयुष्यातला पहिला गरुड डोक्यावर घिरट्या घालत होता, तेव्हा त्याच्या तोंडात लाडू होता आणि त्याला कोणालाच सांगता आलं नाही.

नरकचतुर्दशी आली ती खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर. उजाडायच्या आत मास्तरांनी पाट मांडला, स्वयंपाकाच्या तंबूतून गरम पाण्याची बादली मिळवली, आणि बर्फावरून येणाऱ्या वाऱ्यात कुंदनला तेल, उटणं लावून आंघोळ घातली. पाणी डोक्यावर गरम पडायचं आणि कमरेपर्यंत येईतो गार व्हायचं. मंडळातली पोरं स्वेटरवर स्वेटर घालून रांगेत उभी राहून बघत होती. पायाच्या अंगठ्यानं फोडायचं कारीट मास्तरांनी नवागामाहून आणलं होतं, पण ते रात्रभरात दगड झालं होतं. कुंदननं दोनदा अंगठा मारला. कारीट निसटलं आणि गडगडत दरीत गेलं. नरकासुर त्या वर्षी वाचला.

मग ताट आलं. मास्तर समोर बसले आणि जावयाच्या हाताकडे टक लावून बघू लागले. कुंदननं चकली खाल्ली. करंजी खाल्ली. ताट पुसून खाल्लं.

"रुसा ना," मास्तर त्याच्या कानाशी कुजबुजले. समोरच्या डोंगरानंही तीच विनंती केली.

"मामा, दहाच्या आत खिंड ओलांडायची आहे. नंतर वारं सुटतं. रुसायला वेळ नाही."

हे खरं होतं. प्रफुल्लभाईंचा नियम सगळ्यांना माहीत होता: जो मागे पडेल तो वाटाड्याबरोबर खाली परत, आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरचेही.

चढ सुरू झाला. पाय टाकला की तीन श्वास, पुन्हा पाय. खिंड दिसू लागली. दोन कड्यांच्या मधे आभाळाची एक चीर, दगडांची एक रास आणि तिच्यावर फडफडणारी रंगीत निशाणं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, मास्तरांची तर नक्कीच. कुंदनच्या छातीत धडधडत होतं ते चढामुळे की आनंदानं, हे त्याला ठरवता येईना.

मागून 'खट्' असा आवाज आला.

मास्तरांनी पाठीवरचा पाट सोडून बर्फावर मांडला होता आणि त्यावर मांडी घालून बसले होते.

"मामा, दम लागला का?"

"नाही."

"मग?"

"मी उठाव नई," मास्तर म्हणाले. जावयाशी ते पहिल्यांदाच अहिराणीत बोलत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग त्यांना भान आलं आणि त्यांनी पुस्तकातली मराठी धरली. "तुम्ही रुसल्याशिवाय मी इथून उठणार नाही. दिवाळसण आहे. खाली गेलो की भिकन विचारणार, काय दिलं? मी काय सांगू? शेव?"

"अहो, पण रुसायचं जावयानं! सासरा कधी रुसतो का?"

"जावई रुसत नसेल तर कोणीतरी रुसायला नको?"

मंडळ थांबलं. प्रफुल्लभाई खाली आले. रंजनानं त्यांना गुजरातीत सगळं समजावून सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. "थोडी वार," ते म्हणाले. पोरं दगडांवर बसली आणि त्यांनी खाकरे काढले.

"मागा," मास्तर म्हणाले. "घड्याळ मागा."

"आहे मला."

"अंगठी?"

"बोटं सुजलीत थंडीनं. बसणार नाही."

"सायकल मागा!"

"स्कूटर मागी ले, कुंदनिया!" दगडावरून कोणीतरी ओरडलं.

स्कूटर ऐकून मास्तरांचा चेहरा बर्फाच्या रंगाला आला, पण ते बधले नाहीत. "मागा. मागून तर बघा."

"बरं, तुमची माकडटोपी द्या," कुंदन म्हणाला. "कान गारठलेत."

"वापरलेली टोपी? दिवाळसणाला? आणि भिकनला काय तोंड दाखवू, उघड्या डोक्यानं?"

"अहो, मागा ना काहीतरी," रंजना म्हणाली. "माझे पाय बधिर झाले. निदान तोंड तरी फुगवा. इकडं नका बघू, तिकडं बघा."

कुंदननं प्रयत्न केला. गाल फुगवले आणि मान फिरवली. पण फिरवली त्या बाजूला सकाळचं ऊन पडलेला एक असा लखलखीत डोंगर उभा होता की त्याचे गाल आपोआप खाली बसले आणि तोंड उघडंच राहिलं.

"हे रुसणं नाही," मास्तर म्हणाले. "हे हसतायत."

"नाटक नथी आवडतुं एने," एका पोरानं निकाल दिला, म्हणजे याला नाटक येत नाही.

तेवढ्यात कड्यावरून पहिला ढग सरकला आणि निशाणं ताडताड वाजायला लागली. प्रफुल्लभाई उठले. त्यांचा चेहराही पडला होता. "बस, कुंदनभाई. तमे त्रणे नीचे जाओ. आवता वरसे पाछा आवजो." त्यांनी वाटाड्याला खूण केली.

कुंदननं खिंडीकडे बघितलं. मग पाटाकडे.

"झालं समाधान?" तो म्हणाला. सुरुवातीला साध्या आवाजात. "महिनाभर पूल चढलो. मार्केटात सगळ्यांना सांगून बसलो. जन्मात एकदा, एकदा पलीकडे काय आहे ते बघायला आलो, तर सूर्य उगवला की तुमचा डबा! गरुड आला, तोंडात लाडू! बर्फात उघडा करून आंघोळ घातली, मी काही बोललो? आणि आता इथून परत? इथून? मला नको तुमची दिवाळी! मला काहीच नको!"

त्यानं पाठीवरची पिशवी फेकली, सगळ्यांकडे पाठ करून एका धोंड्यावर बसला आणि त्याचे डोळे भरून आले. खाकऱ्याचा आवाज थांबला. रंजना दोन पावलं पुढं आली आणि थांबली.

मास्तर पाटावरून उठले.

"रुसले," ते म्हणाले. हे खरोखर हळू होतं. इतकं हळू बोलताना त्यांना त्यांच्या मुलीनंही कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि आवाज आपल्या मापावर आला. "रुसले! जवाई रुसले! रंजने, बघ, आपले जवाई रुसले!" डोंगरांनी ही बातमी एकमेकांना कळवली.

ते धावत जाऊन कुंदनसमोर उकिडवे बसले. "काय चुकलं आमचं, जवाईबापू?"

"काही नाही."

"सांगा तरी. काय चुकलं?"

"काही नाही म्हटलं ना!"

"जल्दी, मास्तर, जल्दी," प्रफुल्लभाई म्हणाले.

"चुकलं ते पोटात घाला. काय देऊ?"

"द्यायचंच आहे ना?" कुंदन नाक पुसत म्हणाला. "मग सुरत येईपर्यंत एक शब्द बोलू नका. एकही. हेच द्या."

रंजनानं तोंडाला पदर लावला. मास्तरांनी हिशेब केल्यासारखं एकदा खिंडीकडे, एकदा आलेल्या वाटेकडे बघितलं. सायकल सोपी होती. मग त्यांनी छातीवर हात ठेवला.

"दिलं," ते म्हणाले.

पाट पाठीवर बांधला आणि चालायला लागले. चालले कसले, वाटाड्याच्याही पुढं गेले. वारं अंगावर यायच्या आत सगळे निशाणांपाशी होते.

पलीकडे उतार होता. तसंच तांबूस गवत, तसाच एक ओढा, आणि लांबवर आणखी एक डोंगर, त्यात आणखी एक खिंड. कुंदनला ते सगळं फार आवडलं. तो तिथं उभा राहिला. वारा ऐकू येत होता, स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि मागून कोणी अनारसा म्हणत नव्हतं.

असं थोडा वेळ बरं वाटलं.

"कसं वाटतंय, मामा?" त्यानं न राहवून विचारलं.

मास्तरांनी त्याच्याकडे प्रेमानं बघितलं आणि हातानं चार-पाच खुणा केल्या, कारखान्यात एका मागावरून दुसऱ्या मागावर करतात तशा.

"काय म्हणतात?"

"म्हणतात," रंजना म्हणाली, "डावीकडच्या डोंगराची किनार उसवलीय. बाकी माल चांगला आहे."

उतरताना कुंदन एका हिरव्यागार गादीसारख्या जागेवर फोटोसाठी बसायला गेला. मास्तरांनी दोन्ही हात हवेत उडवले, पोटावर मारले, नाक धरलं. कुंदननं त्यांच्याकडे बघून हात हलवला आणि बसला. गवताखाली ओढ्याचं पाणी होतं.

"ते हेच सांगत होते," रंजना म्हणाली.

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला शांतता हवी होती ना."

संध्याकाळपर्यंत कुंदनला ती शांतता सोसेना. मुक्कामावर त्यानं सासऱ्यांचे पाय धरले. "बोला हो मामा. चुकलं माझं. निदान डबा तरी उघडा." मास्तरांनी डबा उघडला. त्याच्या हातावर अनारसा ठेवला. बोलले नाहीत. रंजनानं खुणा वाचून सांगितलं की दिवाळसणाला दिलेलं परत घेत नसतात. दिल्लीहून परतताना गाडीतल्या लोकांनी मास्तरांना जन्माचे मुके समजून खिडकीची जागा दिली आणि एका बाईनं त्यांच्यासाठी नवस बोलला. तोही फळला. सुरतेच्या फलाटावर पाय ठेवल्याबरोबर मास्तर बोलले, आणि हमालांच्या डोक्यावरच्या ट्रंका हलल्या.

"भिकन कुठाय?"

भिकनभाऊ दुसऱ्या दिवशी ओट्यावर सापडले. बरोबर आणखी पाच-सहा मंडळी होती.

"मग? रुसना का जवाई?"

"रुसले. चारचौघांत रुसले. बर्फात बसले."

"काय दिलं?"

"मागितलं ते दिलं. जागेवर दिलं."

"पण काय?"

मास्तरांनी खोल श्वास घेतला. "ते विचारू नको, भिकन. फार भारी पडलं मला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण दगा मास्तरांना जे उच्चारवत नाही, ते केवढं असेल, यावर नवागाम विचार करू लागलं. दुपारपर्यंत तो शेजारच्या डिंडोलीतला जमिनीचा प्लॉट ठरला. कोणीतरी चलथाणच्या साखर कारखान्याचे शेअर म्हणालं, पण प्लॉट लोकांना जास्त पटला. भिकनभाऊंचा जावई सासुरवाडीला येऊन मिक्सर परत ठेवून पुन्हा रुसून बसला.

कुंदन मात्र ज्याची त्याची वाट अडवून खिंडीबद्दल सांगायला बघायचा. पलीकडे काय होतं, निशाणं कशी वाजतात. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, "रस्त्याला लागून आहे का?"

शेवटी त्याचे वडील काशिनाथ आले. त्यांनी दार लोटून घेतलं, खाट ओढली आणि मुलाला शेजारी बसवलं.

"माले तरी सांग, पोऱ्या. प्लॉट कोणाच्या नावावर केला?"

कुंदननं तोंड उघडलं. खरं सांगायचं म्हणजे असं सांगायचं, की आबा, पहिल्या दिवाळसणाला, बर्फात, परक्या माणसांसमोर, मी सासऱ्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्यानं रंजनाकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"आबा," तो म्हणाला, "कोणाला बोलू नका."

संध्याकाळपर्यंत तो प्लॉट कोपऱ्यावरचा झाला होता.